घराची मजबुती कशात? दगड, माती, सिमेंट आणि मधला सांधा

घर बांधणे हा व्यापारी कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आणि बहुधा एकदाच होणारा सौदा असतो. मिरचीच्या एखाद्या खरेदीत अंदाज चुकला तर पुढच्या हंगामात तो भरून काढता येतो. पायात किंवा खांबात राहिलेली उणीव भरून काढण्याची संधी मात्र क्वचितच मिळते. तरीही दुकानात प्रत्येक पोत्याचे वजन डोळ्यांदेखत करून घेणारी कुटुंबे स्वतःच्या घराचे बांधकाम पुष्कळदा दुसऱ्याच्या भरवशावर सोडून देतात, आणि आपली सारी चिकित्सा फरशीचा रंग, दाराची नक्षी आणि दर्शनी भागाची सजावट यांवर खर्च करतात. घर कशाचे बांधावे, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. ते कसे जोडावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मराठवाड्याने या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत एकदा मोजली आहे.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर वसलेले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि त्या मार्गावरील गावांमध्ये व्यापाराला बळ आले. बांधकामाच्या सामानाच्या दृष्टीनेही हा मुलूख मोक्याचा आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, बिलोली-देगलूरच्या बाजूला ग्रॅनाइटचा खडक, किनवटच्या जंगलातील सागवान, कर्नाटकातील शहाबादची आणि तेलंगणातील तांडूरची फरशी, गोदावरी आणि कंदकुर्तीजवळ तिला मिळणारी मांजरा या दोन नद्यांची रेती. इतक्या प्रकारचे सामान हाताशी असताना येथील जुन्या पिढीने निवडले ते दगड, माती आणि लाकूड.

वाड्याचे शहाणपण

मराठवाड्यातील जुन्या वाड्याला स्वतःचा एक हिशेब होता. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या किंवा कामट्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे माळवद. घराचे मोजमापही खणांत होई. दारातून आत गेले की ढेलज, मग ओसरी, मधोमध मोकळा चौक, छताला उजेडासाठी ठेवलेले साणे आणि धान्य साठवण्यासाठी बळद. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला तरी अशा वाड्याच्या माजघरात दुपार सुसह्य होई. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत घेते आणि ती आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. वीज नसलेल्या काळात हे फार मोठे सुख होते.

या रचनेत दोन उणिवा मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेल्या. पहिली भिंतीत होती. बाहेरून अखंड दिसणारी दगडी भिंत प्रत्यक्षात दोन पदरांची असे. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधल्या पोकळीत भरलेले दगडगोटे व माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा लांब आरपार दगड घालण्याची काळजी पूर्वीचे चांगले कारागीर घेत. पुढे काम स्वस्त करण्याच्या नादात तो दगड गळू लागला आणि चुन्याची जागा साध्या मातीने घेतली. दुसरी उणीव छतात होती. माळवद गळू लागले की त्यावर मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, ही रीत पडून गेली. दरवर्षी छत थोडे थोडे जड होत गेले.

या वजनाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर दाबलेल्या मातीचे वजन सुमारे १.६ टन धरले, तर दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर अर्धा मीटर जाडीचे माळवद म्हणजे सुमारे साडेसात टन माती. त्याच खोलीवरील पाच इंची काँक्रीट स्लॅबचे वजन तीन टनांच्या आसपास भरते. माळवद हलके आणि स्लॅब जड, अशी जी समजूत आढळते ती अशा जाड माळवदाच्या बाबतीत उलटी ठरते.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानाने हा भूकंप मध्यम स्वरूपाचा होता, तरीही त्यात आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या गटात होता. त्यामुळे भूकंपाचा विचार करून घर बांधावे, असे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. पुढे २००२ साली भारतीय मानकात पहिला गटच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या गटात गेला.

माणसे मेली ती प्रामुख्याने दगड-मातीच्या भिंतींखाली. भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, मधली माती आणि गोटे ढासळले आणि जड माळवदाखाली घरे गाडली गेली. मात्र त्याच गावांत आणखी काही दिसून आले. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर नीट तोललेला होता, तेथे भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा कित्येक ठिकाणी उभा राहिला. हलक्या छपराच्या झोपड्या तर बहुतांशी तगून गेल्या. श्रीमंताचा वाडा पडला आणि गरिबाचे कूड वाचले, ही त्या पहाटेची कठोर विसंगती होती.

या अनुभवातून लोकांनी जो धडा घेतला तो अर्धाच होता. दगड-माती वाईट, सिमेंट चांगले, एवढाच निष्कर्ष गावोगावी रुजला. वास्तविक दगडाचा दोष नव्हता, दगडाला दगड न जोडण्याचा होता. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने कमी ताकदीच्या बांधकामासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दगडी भिंतीवर बंदी नाही. भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी, दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि १.२ मीटरच्या आत आरपार दगड असावा, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा असावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. पेटीला जसा लोखंडी पट्टा, तसा घराला हा पट्टा.

पुनर्वसनाने शिकवलेले

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली आणि त्याखेरीज दीड लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीकरणासाठी मदत देण्यात आली. दुरुस्तीच्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातील महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. मदतीचा हप्ता कसा मिळतो, भिंतीत पट्टा पडला की नाही, काम ठरल्याप्रमाणे होते की नाही, याची चौकशी त्या घराघरांतून करू लागल्या.

नव्या गावांतील घरे पक्की होती, रस्ते रुंद आणि सरळ होते. तरीही तेथे राहायला गेलेल्या अनेक कुटुंबांना ती आपली वाटली नाहीत. चौक नव्हता, ओसरी नव्हती, गुरांना आणि अवजारांना जागा नव्हती, उन्हाळ्यात खोल्या तापत होत्या. हळूहळू लोकांनी जुन्या घरांचे दगड आणि लाकूड आणून पुढे पडवी, मागे गोठा, बाजूला खोली अशी भर घातली. ही भर कोणत्याही आराखड्यात नव्हती आणि पुष्कळदा पुन्हा जुन्याच पद्धतीने, आरपार दगडाशिवाय उभी राहत होती. सुरक्षित घर जर राहण्याजोगे नसेल, तर माणूस त्याला आपल्या सोयीने असुरक्षित करून घेतो. घराचे नियोजन करताना आधी कुटुंबाची रीत आणि नंतर आराखडा, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

खाली दुकान, वर घर

व्यापारी कुटुंबांची रीत ठरलेली आहे. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे गोदाम, वर राहते घर. दुकानाचे तोंड जितके रुंद तितके चांगले. त्यामुळे खालच्या मजल्यावर समोर भिंत नाही, फक्त शटर आणि दोन-तीन बारीक खांब. वरच्या मजल्यांवर मात्र खोल्याखोल्यांच्या विटांच्या भरगच्च भिंती. ही रचना सोयीची आहे, आणि भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमकुवतही आहे. जमीन हलली की भिंतींनी ताठ झालेला वरचा भाग पेटीसारखा एकसंध सरकतो आणि साऱ्या हेलकाव्याचा ताण खालच्या मोकळ्या मजल्याच्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ रोजी भूजजवळ झालेल्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतील अनेकांचा तळमजला असाच मोकळा होता. त्या सिमेंट-काँक्रीटच्याच होत्या.

नांदेड परिसर यापासून अलिप्त नाही. नांदेड शहरात २००६ पासून काही काळ सौम्य धक्क्यांची मालिका जाणवली. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र नवे घर बांधणाऱ्याने काही गोष्टींचा आग्रह अवश्य धरावा.

दुकानाचे तोंड रुंद ठेवायचे असेल, तर दोन्ही बाजूंना आणि मागे सलग, मजबूत भिंती हव्यात, आणि खालचे खांब वरच्यापेक्षा भक्कम हवेत. खांब एका ओळीत हवेत. वास्तुशास्त्राप्रमाणे खोल्यांची मांडणी करताना वरचा खांब खालच्या खांबापासून सरकवून बीमवर उभा करण्याची चाल टाळावी. दिशा पाहायची असेल तर ती आराखडा काढतानाच पाहावी, खांब ठरल्यानंतर नव्हे. पुढे कधी दुकान वाढवण्यासाठी मधला खांब किंवा भिंत काढण्याचा मोह होतो. त्या वेळी अभियंत्याला विचारल्याखेरीज हातोडा उचलू देऊ नये.

खांबातील रिंगांकडे स्वतः पाहावे. उभ्या सळयांना आवळून धरणारी रिंग हीच खांबाची खरी कंबर असते. खांब आणि बीम जेथे मिळतात, त्याच्या वर-खाली रिंगांमधील अंतर चार इंचांपेक्षा जास्त नसावे. रिंगेचे टोक काटकोनात वाकवलेले असेल तर ताण येताच ती उघडते. टोक तिरके, आत खांबाच्या गाभ्याकडे १३५ अंशांत वळलेले असावे. या कामाला लागणारे जादा लोखंड एकूण खर्चाच्या मानाने नगण्य आहे. लागते ती सळई बांधणाऱ्याची थोडी मेहनत आणि मालकाची नजर.

पाणी कमी आणि पाणी जास्त

काँक्रीटमध्ये पाणी दोनदा येते आणि दोन्ही वेळा चूक होते. कालवताना ते जास्त घातले जाते, कारण पातळ माल पसरवायला सोपा. नंतर शिंपताना कमी घातले जाते, कारण तोवर सगळ्यांचे लक्ष पुढच्या कामाकडे गेलेले असते. भारतीय मानकानुसार घराच्या काँक्रीटची किमान प्रत एम-२० आहे आणि त्या प्रतीच्या ठरावीक प्रमाणातील मिश्रणात पन्नास किलोच्या गोणीमागे पाणी ३० लिटरपेक्षा जास्त असू नये. पाण्याचे डबे मोजून घेण्याची सवय मिस्त्रीला लावणे अवघड नाही.

काँक्रीट ओले ठेवण्याची मुदत साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आहे, आणि मराठवाड्यासारख्या कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवस. आज बाजारात सर्रास मिळणारे राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवस धरावेत. चैत्र-वैशाखात स्लॅब टाकला आणि चार दिवसांत त्यावरचे पाणी आटले, तर महागडे सिमेंटही आपली ताकद दाखवू शकत नाही. दहा दिवसांच्या पाण्याची व्यवस्था नसेल, तर स्लॅबची तारीख पुढे ढकलणेच हिताचे.

रेतीच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. नदीची रेती दुर्मिळ आणि महाग झाल्याने दगडाचा चुरा करून बनवलेली वाळू, म्हणजे क्रश सँड, आता सर्वत्र वापरली जाते. ती चांगल्या प्रतीची आणि धुतलेली असेल तर काँक्रीटला योग्यच आहे, आणि मानकालाही ती मान्य आहे. पारख सोपी आहे. काचेच्या बाटलीत अर्धी रेती आणि वर पाणी घेऊन हलवावे आणि काही तास ठेवावे. वर गाळाचा जाड थर बसला तर तो माल परत पाठवावा.

काळ्या मातीवरचे घर

या परिसरातील पुष्कळ जागा काळ्या कसदार मातीच्या आहेत. कापसाला जी माती सोने, तीच घराला वैरी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया या थरातच थांबला, तर घराच्या कोपऱ्यांतून आणि खिडक्यांच्या खालून तिरप्या भेगा निघतात. त्या रंगाने झाकता येतात, पण थांबवता येत नाहीत. काळी माती उथळ असेल तेथे खोदकाम मुरमापर्यंत नेणे आणि पायात व जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरून तो थराथराने दाबणे, हा सरळ उपाय आहे. काळा थर खोल असेल तर तळाशी फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खुंटांचा पाया घ्यावा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच जमिनींसाठी विकसित केली. जोत्याच्या पातळीवर सलग प्लिंथ बीम, घराभोवती बाहेर उतार असलेली फरशी आणि पन्हळीचे पाणी दूर नेणारी मोरी, ही तीन कामे झाली की मातीची हालचाल पुष्कळ कमी होते.

ऊन आणि उजेड

वाड्यातून स्लॅबच्या घरात आलेल्या प्रत्येक कुटुंबाची तक्रार एकच असते: वरचा मजला उन्हाळ्यात राहू देत नाही. वाड्याचे सुख परत आणण्यासाठी वाडाच बांधावा लागतो असे नाही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझेकचा थर दिला, तर ऊन परतवले जाते आणि गळतीही थांबते. तेवढा खर्च नको असेल तर दर उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारला तरी फरक जाणवतो. पश्चिमेच्या बाजूला झोपण्याची खोली न घेता जिना, न्हाणी किंवा सामानाची खोली घ्यावी. खिडक्यांवर पुरेसे रुंद छज्जे असावेत आणि छताजवळ गरम हवा बाहेर जाण्यासाठी झरोके असावेत. लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेली पोकळ जोडाची वीटभिंत विटाही वाचवते आणि आतल्या हवेच्या पोकळीमुळे उन्हाचा ताप कमी करते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात स्वयंपाकघराला संध्याकाळपर्यंत उजेड हवा. त्यासाठी उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी ठेवली तर उजेड मिळतो आणि झळ येत नाही.

वाडा अजून उभा असेल तर

ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांचा वाडा अजून राहता आहे, त्यांनी एक चूक कटाक्षाने टाळावी. माळवद उतरवून त्याच मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकणे. वरून पक्के दिसणारे हे घर आतून कच्चेच राहते, आणि लाकडी खांबांनी पेललेला भार आता सुट्या भिंतींवर येतो.

त्यापेक्षा वाडा सुधारण्याचे मार्ग स्वस्त आणि सिद्ध झालेले आहेत. माळवदावरची जादा माती उतरवून पातळ थर ठेवावा आणि त्याखाली पाणी अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद घालावा. खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरके लाकडी किंवा लोखंडी आधार ठोकावेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरावे, म्हणजे सुटलेले दोन पदर पुन्हा एक होतात. दारांच्या माथ्यावर भिंतीच्या दोन्ही अंगांनी लोखंडी जाळी आणि सिमेंटच्या गिलाव्याचा पट्टा फिरवावा. किल्लारीनंतरच्या मजबुतीकरणात याच प्रकारचे उपाय वापरले गेले. अशा वाड्यात पुढच्या पिढ्याही निर्धास्त राहू शकतात.

बांधकामाची वही

दुकानाच्या वहीत जमा-खर्चाची प्रत्येक ओळ असते. घराच्या बांधकामालाही अशी एक वही असावी. जमिनीची परीक्षा केव्हा झाली आणि पाया किती खोल गेला, कोणत्या स्लॅबसाठी किती गोण्या सिमेंट लागले, पाणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मारले, काँक्रीट ओतण्यापूर्वी रिंगांची छायाचित्रे कोणत्या दिवशी घेतली, अभियंता कोणत्या टप्प्यावर येऊन पाहून गेला, हे सर्व तारखेनिशी लिहिलेले असावे. नगरपरिषदेचा मंजूर नकाशा आणि अभियंत्याचा लोखंडाचा आराखडा त्याच वहीत जोडून ठेवावा. वीस वर्षांनी मुलांना वर मजला चढवायचा असेल, एखादी भिंत काढायची असेल किंवा घर विकायचे असेल, तेव्हा भिंतीआड दडलेल्या गोष्टींचा हा एकमेव पुरावा असेल.

फरशी दहा वर्षांनी बदलता येते, रंग पाच वर्षांनी. खांबाच्या आत काय बांधले गेले ते मात्र काँक्रीट पडण्याआधीच्या एका दुपारी पाहता येते. त्या दुपारी घरातील कोणीतरी दुकान सोडून बांधकामावर हजर असावे.